गाडीवरचं लाकूड गेलं, आता तिथे काय लावायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय होता, मूळ माल बाजारातून गायब झाला तर गिऱ्हाईकाला काय द्यायचं. त्यात मी अमेरिकेतल्या जुन्या स्टेशन वॅगनचं उदाहरण घेतलं होतं, पण वेळेअभावी ते अर्ध्यावर सोडावं लागलं. म्हणून आज फक्त त्याच्यावरच लिहितोय. गाड्यांचं रॅपिंग, स्टिकर, पेंटिंग, साइनबोर्ड, फर्निचर यातलं काहीही करायचा विचार असेल तर हे नीट वाचा. आणि यातलं काहीच करायचं नसेल तरी वाचा, कारण यात कोटेशनचा एक मोठा खड्डा आहे आणि त्यात नवे लोक हमखास पडतात.

आधी स्टेशन वॅगन म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टाटा इस्टेट होती, आठवतेय? पुढून कार आणि मागे डिकीच्या जागी काचा लावलेली लांब खोली. तशी गाडी. रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि सामान आणायला वापरायचे म्हणून नाव स्टेशन वॅगन. सुरुवातीला या गाड्यांचा मागचा सांगाडा खराखुरा लाकडाचा असायचा. फोर्डने १९२९ साली मॉडेल ए ची लाकडी वॅगन मोठ्या प्रमाणावर विकायला काढली. मिशिगन राज्यात आयर्न माउंटन नावाच्या गावी फोर्डची स्वतःची जंगलं आणि लाकडाचा कारखाना होता. मेपलची चौकट आणि मध्ये बर्चच्या फळ्या. म्हणजे ऑटोमोबाइल कंपनी एका बाजूने चक्क सुतारकाम करत होती!

दिसायला सुंदर, पण सांभाळायला डोकेदुखी. दर वर्षी वॉर्निश मारा, सांधे आवळा, पावसात भिजली की दार फुगतं, उन्हात सुकली की कुरकुरतं. आपल्या वाड्याचे दरवाजे पावसाळ्यात कसे बसत नाहीत, तसंच. पुढे पोलादी पत्रा साच्यात दाबून सबंध बॉडी काढणं स्वस्त झालं आणि सुतारांचं काम संपलं. १९४६ ची विलीज जीप वॅगन पूर्ण पोलादी होती. १९४९ ला प्लिमथ सबर्बन आली, तीही पोलादी. खऱ्या लाकडाची शेवटची अमेरिकन वॅगन ब्यूकने १९५३ साली विकली.

आता खरी गंमत. लाकूड गेलं, पण लाकडाची हौस गेली नाही. विलीज जीप वॅगन डिझाइन केली ब्रूक्स स्टीव्हन्स यांनी. त्यांनी लालसर पोलादी गाडीवर क्रीम आणि तपकिरी रंग असे मारायला लावले की लांबून लाकडी फळ्या वाटाव्यात. हा झाला पहिला पर्याय, नुसत्या रंगाचा. फोर्डची कंट्री स्क्वायर १९५२ पासून पूर्ण पोलादी झाली आणि तिच्या अंगावर लाकडाचं चित्र छापलेली फिल्म चिकटवली गेली. त्या फिल्मचं नाव डाय-नॉक. आज ती थ्रीएम कंपनीकडे आहे आणि इमारतींच्या भिंती, लिफ्ट, दरवाजे यांवर लावली जाते. कंट्री स्क्वायर १९९१ पर्यंत चालली. ब्यूक रोडमास्टर इस्टेट १९९६ पर्यंत. जीपची ग्रँड वॅगोनियरही १९९१ ला थांबली. म्हणजे चाळीसेक वर्षं लोकांनी खोट्या लाकडासाठी जास्तीचे पैसे मोजले, आणि ते खोटं आहे हे प्रत्येकाला माहीत होतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या सनमायकावर सागवानाच्या रेघा असतात, त्यातून कोण फसतं? कोणीच नाही. तरी लावतोच ना!

इतका इतिहास सांगितला, कारण गिऱ्हाईक नेमकं काय विकत घेतं हे त्यातून कळतं. कंट्री स्क्वायर ही फोर्डच्या वॅगनमधली सगळ्यात महागडी. दारात ती उभी असणं म्हणजे घर व्यवस्थित चाललंय, मुलं मोठी होतायत, सुट्टीत सगळे मिळून कुठेतरी जातात, याची खूण. आज जो माणूस अशी गाडी दुरुस्त करायला घेतो त्याच्यासाठी बहुतेक वेळा ती बापाची गाडी असते. किंवा बापाकडे होती तशी गाडी असते. त्या गाडीला हात लावताना तुम्ही काय बिघडवू शकता, हे समजून घ्या.

फिल्मखाली काय दडलंय

या गाड्या आता तीस ते साठ वर्षांच्या झाल्यात. उन्हाने फिल्म पांढरी पडते, आक्रसते, तडकते, शेवटी भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटते. तिच्या कडेने फिकट लाकडी रंगाच्या पट्ट्या असतात, फायबरच्या किंवा प्लास्टिकच्या. त्या पट्ट्या पत्र्याला भोकं पाडून क्लिपांनी बसवलेल्या असतात. भोक म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे गंज. वरून बघाल तर गाडी ठीकठाक दिसते. पट्टी काढली की खाली तपकिरी पावडर.

फिल्म काढणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम आहे. हीट गनने गरम करायचं, प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सोलायचं. लोखंडी पटाशी वापरली की खालच्या रंगावर ओरखडा गेलाच. काही ठिकाणी हातभर तुकडा एका दमात निघतो, काही ठिकाणी नखाएवढे तुकडे. मग खाली राहिलेला डिंक. त्याला सॉल्व्हंट किंवा ड्रिल मशीनला लावायचं रबरी चाक. एवढं झाल्यावर समजतं की फिल्मखालचा रंग ताजा आहे आणि बाजूचा उन्हाने उडालेला. म्हणजे नुसती फिल्म काढून गाडी परत देता येत नाही. तिची सावली अंगावर राहते.

इथेच तो कोटेशनचा खड्डा. नवा माणूस गाडी बघतो, फिल्मचे मीटर मोजतो, रेट लावतो, वर मजुरी टाकतो आणि एक आकडा सांगून मोकळा होतो. समजा काढणीसाठी त्याने मनात १० तास धरले आणि लागले ३०. वरचे २० तास कोण देणार? गिऱ्हाईक? त्याला तुम्ही आधीच आकडा दिलाय. मग ते तास तुमच्या मार्जिनमधून जातात, किंवा मुलगा रागारागाने सोलतो आणि पत्रा खराब होतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की काढणी आणि लावणी यांची कोटेशन वेगळी द्या. काढणी तासावर. निघालेल्या प्रत्येक पट्टीखालचा फोटो त्याच दिवशी मालकाला पाठवा. गंजाचं काम हा तिसरा भाग, आणि त्याचा आकडा पट्टी काढल्याशिवाय सांगायचाच नाही. कागदावर लिहून, सही घेऊन. गिऱ्हाईक कुरकुर करेल, एखादं निघूनही जाईल. जाऊ दे. ते जिथे जाईल तिथे त्या दुकानदाराचे ३० तास जाणार आहेत.

आणि हो, काढलेल्या जुन्या पट्ट्या, क्लिपा, कंपनीचं नाव असलेली अक्षरं, काहीही भंगारात टाकायचं नाही. पिशवीत घालून, नंबर टाकून मालकाला परत. नवी फिल्म रोलवर मिळेल. ती पट्टी मोडली तर तशीच दुसरी शोधायला महिने जातील.

मग पर्याय काय काय?

पहिला पर्याय उघड आहे, पुन्हा लाकडाचीच फिल्म. यात दोन सापळे आहेत. डाय-नॉकच्या आजच्या बऱ्याच फिल्म इमारतीच्या आतल्या वापरासाठी आहेत. त्या उन्हापावसात टिकतील अशी अपेक्षा करू नका. बाहेरच्या वापरासाठी वेगळी मालिका येते, तीच मागा. दुसरा सापळा रेघांचा. लाकडाच्या रेघा गाडीच्या लांबीने आडव्या जायला हव्यात, आणि पुढच्या मडगार्डवरून निघालेली रेघ पुढच्या दारावर, तिथून मागच्या दारावर, तिथून मागच्या बाजूपर्यंत वाहत गेली पाहिजे. म्हणजे एका बाजूचे सगळे तुकडे एकाच सलग लांबीतून, क्रमाने कापायचे. मटेरिअल वाचवायला इकडचा तुकडा तिकडे फिरवलात की दार बंद केल्यावर डोळ्यात खुपतं. डाय-नॉकचा रोल १२२ सेंटिमीटर रुंद येतो. एका रुंदीत दोन्ही बाजू बसतात का, हे गाडी मोजून आधी बघा, नंतर रेट सांगा. शिवाय सगळा माल एकाच लॉटचा घ्या. लॉट बदलला की छटा बदलते.

दुसरा पर्याय छापून घेण्याचा, आणि मला हा तुमच्यासाठी सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. गाडीच्या रॅपसाठी जी कास्ट फिल्म येते तिच्यावर मोठ्या प्रिंटरने हवं ते लाकूड छापायचं आणि वर उन्हापासून वाचवणारं लॅमिनेशन. रोल १३७ किंवा १५२ सेंटिमीटरचे मिळतात. छपाई सोपी आहे, फाइल अवघड आहे. इंटरनेटवरून लाकडाचं एक चित्र उचललं आणि पाच वेळा शेजारी शेजारी लावलं तर तीच गाठ प्रत्येक दारावर दिसते. गिऱ्हाईकाला चूक कुठे आहे ते सांगता येणार नाही, पण 'स्वस्त वाटतंय' एवढं तो नक्की म्हणेल. पाच मीटर लांब आणि ७० सेंटिमीटर उंच, कुठेही न पुनरावृत्त होणारी फाइल १५० डीपीआयला बनवायची तर ती साधारण २९,५०० बाय ४,१०० पिक्सेलची होते. ती बनवायला खरं व्हेनीअर स्कॅन करावं लागतं, जोडावं लागतं, रंग जुळवावा लागतो. हे काम सांगलीत बसूनही करता येतं आणि फाइल ओहायोतल्या प्रिंटरवर निघू शकते. सागवान, शिसव, फणसाचं ते पिवळंधमक लाकूड, हे सगळं तुमच्या आसपासच्या वखारीत पडलंय. लगेच दहा लाखांचं मशीन घ्यायला धावू नका. मशीनवाले गावोगाव आहेत. चांगली फाइल देणारे कमी आहेत.

तिसरा, हाताने रंगवणं. इंग्रजीत याला ग्रेनिंग म्हणतात. फिकट पिवळसर रंगाचा बेस मारायचा, सुकू द्यायचा, वर तपकिरी ग्लेझचा पातळ हात आणि तो ओला असतानाच कोरड्या ब्रशने, कंगव्याने किंवा रबरी रॉकरने ओढून रेघा काढायच्या. शेवटी दोन घटकांचा क्लिअर कोट. हे कसब जुनं आहे. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या लोखंडी डॅशबोर्डलाही लाकडाचा आभास दिलेला असायचा. आपल्याकडे ट्रकवर मोर, कमळं आणि नावं रंगवणारे जे पेंटर आहेत, त्यांचा हात यात लवकर बसेल असं मला वाटतं. अशा कामात दोन गाड्या कधीच सारख्या होत नाहीत, त्यामुळे तुमच्या रेटची तुलना शेजारच्या दुकानाशी होत नाही. फक्त चुकलं तर ते पॅनल पुन्हा पहिल्यापासून करायचं, एवढी तयारी ठेवा.

खरं लाकूड लावायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. पातळ व्हेनीअर, खाली इपॉक्सी, वर बोटींना लावतात ते वॉर्निश. माझा सल्ला, लांब राहा. हवेतल्या ओलाव्याबरोबर लाकूड फुगतं आणि आकसतं, पत्रा वेगळ्या हिशोबाने हलतो, आणि दोघांच्या भांडणात वरचं वॉर्निश तडकतं. ब्रिटनमधल्या मॉरिस मायनर ट्रॅव्हलरला १९७१ पर्यंत ॲश लाकडाची चौकट होती, आणि ती शोभेची नसून सांगाड्याचाच भाग. तिथे वार्षिक तपासणीत ते लाकूड कुजलेलं निघालं तर गाडी नापास होते. त्यांच्याकडे ते काम करणारे खास सुतार आहेत. तुमच्याकडे असा सुतार असेल तर मी शब्द मागे घेतो.

पाण्यात बुडवून चित्र चढवण्याची पद्धत, म्हणजे हायड्रोग्राफिक, हीसुद्धा लोक विचारतात. डॅशबोर्डचे तुकडे, हँडल, आरशाची कव्हरं यांना उत्तम. अख्खं दार बुडवायला हौद किती मोठा लागेल याचा विचार करा आणि विषय सोडून द्या.

आणि लाकूडच नको असेल तर?

इथे मला सगळ्यात जास्त वेळ घालवायचाय.

अमेरिकन मोटर्स ही तिथल्या तीन मोठ्या कंपन्यांपुढे छोटी कंपनी. मोठ्यांशी जाहिरातीत लढणं तिला परवडत नव्हतं. १९६७ साली तिने आपल्या रेबेल वॅगनच्या तीन खास आवृत्त्या काढल्या, आणि त्या देशभर विकल्या नाहीत. समुद्रकिनाऱ्याजवळच्या भागांसाठी मरिनर. निळी गाडी, बाजूंवर उन्हाने फिकी पडलेल्या सागवानी फळ्यांसारखं पॅनल आणि काळ्यापांढऱ्या बारीक रेघा, थेट बोटीच्या डेकची आठवण. पश्चिमेकडच्या राज्यांसाठी वेस्टर्नर. पांढऱ्या गाडीला जाडजूड फळ्यांचा आभास आणि आत घोड्याच्या खोगिरासारखं दिसणारं व्हिनाइल. पूर्व आणि दक्षिणेच्या शहरी भागांसाठी ब्रायरक्लिफ, आणि तिच्यावर लाकूड नव्हतंच. जुन्या कॅमेऱ्याच्या अंगावर जे खरखरीत काळं आवरण असतं ना, तसं काळं पॅनल. किती बनवल्या? मरिनर ६००, वेस्टर्नर ५००, ब्रायरक्लिफ ४००. बस्स.

विचार करा. आतली गाडी तीच, इंजिन तेच. बदललं ते बाजूचं पॅनल, रंग आणि आतलं कापड. आणि प्रत्येक भागातल्या माणसाला वाटावं की ही आपल्यासाठी केलीय. तीन आवृत्त्या मिळून फक्त १,५०० गाड्या.

फ्रान्समध्ये रेनॉने १९६३ च्या शेवटी 'एल' या महिलांच्या मासिकाबरोबर मिळून रेनॉ ४ ची पॅरिझिएन आवृत्ती काढली. ही गाडी अगदी साधी, शेतकऱ्याचीही आणि शिक्षकाचीही. तिच्या दारांवर वेताच्या खुर्चीची वीण छापली, किंवा स्कॉटिश चौकडी. एकदम शहरी बायकांना हवीशी गाडी झाली! तसंच विनोदी नट पीटर सेलर्स यांच्या मिनीच्या बाजूंवर वेताच्या विणकामाचं हाताने केलेलं रंगकाम होतं.

म्हणजे लाकडाच्या त्या जागेत वेत बसतो, चौकडी बसते, कॅमेऱ्याचं आवरणही बसतं. हे का बसतं आणि काय बसणार नाही, हा डिझाइनचा प्रश्न आहे. माझं निरीक्षण असं की हाताने बनणारी, घरात वापरातली वस्तू बसते. वेत, कापड, चामडं, चटई, बांबू. कार्बन फायबर त्या जागेत विचित्र दिसतं, कारण ती रेसच्या गाडीची भाषा आहे आणि ही गाडी मुलांना शाळेतून आणायची. एखाद्याला हवंच असेल तर लावून द्या, पैसे त्याचे आहेत. पण स्वतःहून सुचवू नका.

आणखी दोन कल्पना. गाडीच्या मूळ रंगाचीच किंचित गडद छटा घेऊन त्यात लाकडाच्या रेघा काढायच्या. निळ्या गाडीवर निळं लाकूड. सावलीत साधी दुरंगी गाडी वाटते, उन्हात रेघा उठतात. दुसरी, बाजूच्या पट्ट्या ठेवून आतला भाग नुसता सपाट रंगवायचा, क्रीम किंवा चॉकलेटी. स्वस्त आणि नीटनेटकं. पुढे मालकाने विचार बदलला आणि लाकूड हवं झालं तरी वरून फिल्म लावता येते. पट्ट्या कायमच्या काढून भोकं वेल्ड करून बुजवली तर परतीचा रस्ता बंद. म्हणून ते काम मालकाने दोनदा हो म्हटल्याशिवाय करू नका.

अति काय असतं ते बघायचं असेल तर १९८३ चा 'नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन' हा सिनेमा बघा. त्यातली 'फॅमिली ट्रकस्टर' ही कंट्री स्क्वायरवरूनच बनवलेली, मटारी हिरवी, जिथे जागा मिळेल तिथे खोटं लाकूड. मुद्दाम भयानक केलेली गाडी. आणि आज लोक हौसेने तिच्या नकला बनवतात! गिऱ्हाईकाच्या आवडीबद्दल कधीच पैज लावू नये.

नमुना दाखवल्याशिवाय ॲडव्हान्स घेऊ नका

आता तुम्ही म्हणाल, सर, एवढे पर्याय गिऱ्हाईकापुढे ठेवले तर तो गोंधळेल. बरोबर. म्हणून सगळे ठेवायचे नाहीत. आधी विचारायचं की ही गाडी तुमच्याकडे कशी आली. त्याला पाच मिनिटं बोलू द्यायचं. वडिलांची असेल तर मूळच्या जवळ जाणारी फिल्म आणि हातकाम, हे दोनच दाखवा. लिलावातून घेतलेली असेल, त्यावर कॅफेचं नाव टाकून बाजारात उभी करायची असेल, तर वेत आणि चौकडी काढा.

दाखवायचं कसं? मोबाइलवर नाही. ३० बाय ४५ सेंटिमीटरचा पत्र्याचा तुकडा, थोडा वाकवलेला, त्यावर खरी फिल्म किंवा खरा रंग. तो घेऊन गाडीपाशी जायचं, उन्हात धरायचा, मग सावलीत. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली आवडलेला रंग रस्त्यावर वेगळाच दिसतो आणि भांडण तिथेच सुरू होतं. नमुन्याचे पैसे घ्या, काम दिलं तर बिलातून वजा करा. मंजूर झालेल्या नमुन्यामागे तारीख आणि मालकाची सही, आणि तो तुकडा काम संपेपर्यंत तुमच्याकडे.

भारतात हेच काम जुन्या गाडीवर करणार असाल तर एक गोष्ट आधीच. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. बाजूंचा एवढा मोठा भाग बदलला आणि नोंदीशी जुळेना, तर अडचण मालकाला येते आणि फोन तुम्हाला येतो. काम घेण्याआधी मालकाला आरटीओत विचारून यायला सांगा, आणि तसं सांगितल्याचं कोटेशनवर एका ओळीत लिहून ठेवा.

काम झाल्यावर उरलेला फिल्मचा तुकडा, निदान एका दाराएवढा, गुंडाळी करून मालकाला द्या. घडी घालायची नाही, सुरकुती कायमची राहते. वर लॉट नंबर लिहा. कधीतरी पार्किंगमध्ये कुणीतरी दार घासणारच, तेव्हा तो माणूस ती गुंडाळी काखेत मारून तुमच्याच दुकानात येईल.